आईनं ऐकलेला धडा

अकरावीला मी मानसशास्त्र घेतलं त्यात माझी हौस काही नव्हती. पाथरीतल्या आमच्या कॉलेजात कला शाखेला भूगोलाच्या जागा भरल्या होत्या. खिडकीमागच्या क्लार्कनं माझा अर्ज खालीवर करून बघितला आणि म्हणाला, "मानसशास्त्र लिही. मार्क पडतेत त्याला. पोरी तेच घेतेत." मी लिहून टाकलं.

संध्याकाळी दुकानातून आल्यावर अप्पांनी विचारलं, "कोणते इषय घेतलेस?"

मी सांगितले.

"मानसशास्त्र? त्येच्यात काय शिकवतेत?"

"मनाचं."

"मनाचं काय?"

ते मलाही माहीत नव्हतं. अप्पा हसले. "मन काय शिकायची चीज हाय का? बरं, शीक." आणि ते हात धुवायला मोरीकडे गेले. आई ताटं वाढत होती. ती तशीही फार बोलत नसे.

आमचं बाजारपेठेत भांड्यांचं दुकान आहे. लग्नसराईत हंडे, पराती, ताटवाट्यांचे ढीग रस्त्यापर्यंत येतात, एरवी अप्पा गिऱ्हाइकाची वाट बघत भांड्यांवरची धूळ झटकत बसतात. घरात आम्ही चौघं. अप्पा, आई, माझ्याहून मोठी अक्का आणि मी. अक्काचं शिक्षण बारावीनंतर थांबलं होतं. ती शिवणकामाच्या क्लासला जायची आणि तिच्यासाठी स्थळं बघणं चालू होतं.

मानसशास्त्राला आम्ही मोजक्याच मुली होतो आणि शिकवायला एकच सर. त्यांची नेमणूक कायमची नव्हती. सकाळी आमचे तास घ्यायचे आणि दुपारी मोटरसायकलला किक मारून दुसऱ्या गावच्या कॉलेजात जायचे. माणूस भला होता, पण सतत घाईत. धडा वाचून दाखवायचे, मधेमधे थांबून म्हणायचे, "हे पेन्सिलीनं खूण करा. हे येतंय. हे सोडा." आम्ही खुणा करायचो. स्मृती, अवधान, प्रेरणा, भावना असले शब्द आम्ही पाढ्यांसारखे पाठ केले. ते शब्द कुणा जिवंत माणसाला लागू पडत असतील असं माझ्या मनात कधी आलं नाही. पानिपतची लढाई जशी पुस्तकात, तसं मनही पुस्तकात.

पाठ करायची माझी सवय मोठ्यानं वाचायची. मनातल्या मनात वाचलं की माझ्या डोक्यात काही राहत नाही. म्हणून मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून वाचायची. आतून गॅसची ऊब यायची, आणि आई तिच्या कामात असायची, ती कधी गप्प बस म्हणायची नाही.

आईबद्दल इथं थोडं सांगायला पाहिजे. आमच्या लिंगायत घरात गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय बायका तोंडात अन्न घालत नाहीत. आजही घरोघर असंच आहे. बाकीच्या बायकांची पूजा सकाळच्या कामाआधी उरकते. आईची उरकायची नाही. ती आंघोळ करून, ओल्या केसांनी, विभूती आणि बेलाची पानं समोर ठेवून कोपऱ्यात बसायची. आणि नुसती बसून राहायची. तासभर, दोन तास. हात मांडीवर. मधेच उठून आमचे डबे करायची, धुणं टाकायची, परत येऊन बसायची. कधी दुपारी पूजा व्हायची, कधी दिवस कलल्यावर. तोवर पोटात काही नाही. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "काय नेम हाय वैनीचा! आपल्यानं न्हाई बाई होत." आम्हाला त्याचा अभिमान वाटायचा. मी मैत्रिणींना सांगायची, आमची आई लय कडक उपवास करती.

बारावीचा हिवाळा असेल. मनाच्या आजारांवरचा धडा होता. नैराश्याची लक्षणं सरांनी खूण करून दिली होती, पाच गुणांना येतात म्हणून. मी उंबऱ्यावर बसून घोकत होते. कशातच रस न वाटणे. झोप नीट न लागणे. सतत थकवा. साधी कामं सुरू करणं अवघड जाणे. निर्णय घेता न येणे. आपण कुणाच्या उपयोगाचे नाही असे वाटणे. जगण्यात अर्थ नाही असे वाटणे. एकदा झालं, दुसऱ्यांदा झालं. तिसऱ्यांदा वाचताना जळका वास आला. मी वर बघितलं तर तव्यावरची भाकरी काळी पडत होती आणि आई हातात पुढच्या भाकरीचा पिठाचा गोळा घेऊन माझ्याकडे बघत होती.

"आई, भाकर!"

तिनं गॅस बंद केला. भाकरी तव्यावरच राहू दिली.

"परत वाच," ती म्हणाली.

"काय?"

"आता वाचलीस ती. पहिल्यापून."

मी वाचलं. या वेळी हळू वाचलं, एकेका ओळीनंतर तिच्याकडे बघत. ती प्रत्येक वाक्याला मान हलवत नव्हती, रडत नव्हती, काहीच करत नव्हती. फक्त ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "ह्ये कुणी लिवलंय?"

"पुस्तकात हाय, आई."

"पर कुणाला इचारून लिवलंय? त्येला कसं कळलं?"

ती जवळ येऊन उकिडवी बसली. पिठाचा हात तिनं पानावर ठेवला, वाचता येत नसलेल्या बाईनं अक्षर चाचपून बघावं तसा. आई सातवी शिकलेली आहे, तिला वाचता येतं. तरी तिनं स्वतः वाचलं नाही.

"पुढं काय लिवलंय? बरं होतंय का?"

पुढचा भाग सरांनी सोडायला सांगितला होता. मी पान उलटलं. उपचारांबद्दल थोडक्या ओळी होत्या. औषधं, समुपदेशन, तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

"तज्ज्ञ म्हंजी?"

"डॉक्टर."

"कुठं असतोय त्यो?"

"मला माहीत न्हाई, आई."

ती उठली. जळालेली भाकरी उलथन्यानं खरवडून काढली आणि तवा धुतला. मग माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "तुज्या अप्पाला सांगू नको."

त्या दिवसापासून आमच्या घरात दोन घरं झाली. एकात अक्काच्या लग्नाची बोलणी, पाहुणे, चहा, दुकान. दुसऱ्यात मी आणि आई. कॉलेजातून आले की ती हळूच विचारायची, "काही शिकवलं का आज?" तिला वाटायचं, सर आम्हाला रोज त्या आजाराचा पुढचा भाग सांगत असतील. आणि सर तर तेव्हा आमच्याकडून जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून घेत होते.

आता ती मला थोडं थोडं सांगायला लागली. इतकी वर्षं जिनं कधी डोकं दुखतं असंही सांगितलं नव्हतं, ती धान्य निवडता निवडता म्हणायची, "सकाळी डोळा उघडला की वाटतंय, आज बी? आज बी उठायचं?" एकदा म्हणाली, "तुमी दोघी समोर जेवायला बसता, आन् मला वाटतंय ही कुणाची लेकरं हायत." हे सांगताना तिचा आवाज जोंधळ्याचा भाव सांगावा तसा असायचा. त्यानं मला जास्त भीती वाटायची.

मी सतरा वर्षांची होते. माझ्याकडे एक पाठ्यपुस्तक होतं. त्यात ताण कमी करण्यावर जे जे दिलं होतं ते सगळं मी आईवर करून बघितलं. तिला रोज संध्याकाळी फिरायला घेऊन गेले. ती माझ्यामागं, लेकराला शाळेत न्यावं तशी यायची. दीर्घ श्वास घ्यायला लावले. मग मी तिला रोज दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी सांगायला लावायचं ठरवलं. ती आठवून आठवून सांगायची.

"आज पाणी वेळेवर आलं. भाजी... भाजी चांगली झाली." तिनं दोन बोटं दुमडली. "तिसरं काय सांगू? तूच सांग एखादं."

"तुझ्या मनाचं सांग, आई."

"माज्या मनात न्हाई गं काही." आणि माझा चेहरा पडलेला बघून घाईघाईनं म्हणाली, "अक्काला स्थळ आलंय की. ती धर. झाले का तीन?"

त्यानंतर मी तो खेळ बंद केला. तिला बरं वाटावं म्हणून मी करत होते, आणि ती मला बरं वाटावं म्हणून करत होती.

शेवटी मी सरांना गाठलं. तास संपला होता, ते मोटरसायकलला बॅग अडकवत होते.

"सर, तो धडा पूर्ण शिकवा ना. उपचाराचा भाग."

"तो परीक्षेला नाही."

"नसू दे सर. शिकवा."

"अगं, पोर्शन संपंना इथं. तुला एवढीच हौस असेल तर घरी वाच."

"वाचला. त्यात नुसतं तज्ज्ञांचा सल्ला घ्या लिवलंय." आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, माणूस बरं होतं का हो त्याच्यातून?"

सरांनी हेल्मेट हँडलला अडकवलं. माझ्याकडे नीट बघितलं. "घरी कुणाला हाय का?" त्यांनी विचारलं. बोलताना ते पुस्तकी भाषा सोडून आमच्यासारखं बोलले, त्यानंच मला रडू आलं. मी मान हलवली.

त्यांनी अडकवलेली बॅग परत काढून सीटवर ठेवली. मग म्हणाले, "खरं सांगू का? मी पंधरा वर्षं झाली हे शिकवायलोय. एकबी पेशंट बगितला न्हाई मी. मला जेवढं पुस्तकात तेवढंच." त्यांनी सांगितलं की परभणीला मनाचे डॉक्टर आहेत, एकाचा दवाखाना बसस्टँडपासून फार लांब नाही, संध्याकाळपर्यंत बसतात. "पर घरच्या मोठ्या माणसाला घेऊन जा. एकटी जाऊ नको. आन् लवकर जा." लवकर हा शब्द त्यांनी दोनदा म्हटला.

मोठं माणूस म्हणजे अप्पा. आईनं सांगू नको म्हटलं होतं, तरी दुसऱ्या दिवशी भरदुपारी मी दुकानात गेले. गिऱ्हाईक नव्हतं. अप्पा भांड्यांवर नावं टाकायच्या यंत्रानं एका कळशीवर अक्षरं कोरत होते. अक्काच्या लग्नाची कळशी होती ती. सोनपेठचं स्थळ नक्की झालं होतं, साखरपुडा झाला होता, लग्न उन्हाळ्यात धरलं होतं.

मी सगळं सांगितलं. धडा, भाकरी, डोळा उघडल्यावर आईला काय वाटतं ते, सर काय म्हणाले ते. अप्पांनी यंत्र बंद केलं नव्हतं. ते नुसतं घरघरत होतं. मला वाटलं ते म्हणतील, काहीतरी खूळ घेऊन आलीस. पण ते म्हणाले, "तुला काय वाटतं, मला दिसत न्हाई?"

"मंग?"

"मंग काय? त्या दवाखान्याच्या पायरीवर वळखीचं एक माणूस भेटलं की झालं. आपली बिरादरी केवढी! दिवस बुडायच्या आत सोनपेठला खबर जाती. येड्याच्या दवाखान्यात नेली म्हणतील. अक्काचं मोडलं तर तिला कोण करून घेतंय? आन् मागून तुजं?"

"आन् आईचं काय, अप्पा?"

त्यांनी यंत्र कळशीला लावलं. पण अक्षर वाकडं गेलं, आणि ते कळशी मांडीवर घेऊन त्या वाकड्या अक्षराकडे बघत बसले. अप्पा वाईट माणूस नाहीत. त्यांनी स्वामींना बोलावून आईच्या कपाळाला अंगारा लावून घेतला होता, चांगल्या वैद्याचं टॉनिक आणलं होतं, रक्त तपासून घेतलं होतं. जे जे उजेडात करता येत होतं ते त्यांनी केलं होतं.

अक्कालाही मी सांगितलं. ती ब्लाउजला हूक लावत होती. तिनं दोरा दातानं तोडला आणि म्हणाली, "थोडे दिस थांब. माजं होऊ दे. मंग मीच नेते आईला, शप्पत." तिचं तरी काय चुकलं? ती एकवीस वर्षांची होती, आणि तिला या घरातून बाहेर पडायची एकच वाट दिसत होती.

आम्ही थांबलो. आई थांबू शकली नाही.

जानेवारीत एक दिवस मी दुपारी कॉलेजातून आले तर दार सताड उघडं. स्वयंपाक झालेला, झाकून ठेवलेला. कोपऱ्यात बेलाची पानं ताटलीत वाळलेली. अक्का क्लासला गेलेली. आई नव्हती. मला आधी वाटलं, शेजारी असेल. शेजारी नव्हती. पिठाच्या गिरणीत नव्हती. मंदिरात नव्हती. गल्लीच्या टोकाला एक जुना आड आहे, पोरं चेंडू पडला की वाकून बघतात. मी त्याच्या कठड्यापर्यंत गेले. आत बघायला माझी मान वाकेना. शेवटी मी कठडा दोन्ही हातांनी धरून डोळे मिटले, वाकले आणि मग उघडले. खाली हिरवं पाणी होतं आणि त्यात आभाळ होतं. मी तिथंच खाली बसले.

दुकानात कशी गेले आठवत नाही. अप्पा माझं तोंड बघूनच उठले. "काय झालं" एवढंही विचारलं नाही. चप्पल न घालता ते रस्त्यावर आले. शेजारच्या दुकानदाराला हातानंच खूण केली. आम्ही दोघं नुसते इकडून तिकडे पळत होतो. मग एका ऑटोवाल्यानं हाक मारली, "शेटजी, वैनीला स्टँडवर बगितलं की मी. सकाळीच."

ती स्टँडवर होती. भिंतीकडच्या सिमेंटच्या बाकड्यावर, एका कडेला, अंग चोरून बसलेली. डोक्यावर पदर, मांडीवर कापडी पिशवी. अप्पा तिच्यापुढे जाऊन उभे राहिले. त्यांना धाप लागली होती.

"कुठं निघालतीस?"

तिनं वर बघितलं. ओळखलं, पण ओळखून काही वाटलं असं दिसलं नाही. "कळंना," ती म्हणाली. "सकाळपून गाड्या लागायल्यात. कोणत्या गाडीत बसावं कळंना."

मी तिच्या मांडीवरची पिशवी घेतली. आत काहीच नव्हतं. एक साडी नाही, पैशाचं पाकीट नाही. रिकामी पिशवी घेऊन ती निघाली होती.

अप्पा तिच्या शेजारी बसले. आयुष्यात त्यांना मी आईच्या शेजारी असं लोकांत बसलेलं बघितलं नव्हतं. ते म्हणाले, "चल घरी."

"घरी जाऊन काय करू?"

हे तिनं भांडून नाही विचारलं. खरोखर विचारलं. अप्पांना माहीत असेल तर त्यांनी सांगावं, म्हणून विचारलं. अप्पांचा चेहरा पडला. समोर एक गाडी येऊन फलाटाला लागली, कंडक्टर खाली उतरून ओरडायला लागला, मानवत, परभणी, परभणी.

मी म्हणाले, "अप्पा, परभणीची गाडी लागली."

अप्पांनी गाडीकडे बघितलं. मग स्टँडवरच्या माणसांकडे. चहाच्या टपरीवर आमच्याच बिरादरीतले एकजण उभे होते. त्यांनी "शरणार्थ" म्हणून हात जोडले. अप्पांनीही जोडले. आणि मग त्याच हातानं आईचं मनगट धरून ते उठले. "चल," म्हणाले. अनवाणीच ते गाडीत चढले.

दवाखाना पहिल्या मजल्यावर होता. बाहेरच्या खोलीत गर्दी होती, आणि गर्दीतलं प्रत्येक माणूस दुसऱ्याकडे न बघता बसलेलं होतं. अप्पांनी रुमालानं अर्धं तोंड झाकलं होतं. आमचा नंबर आला तेव्हा ऊन उतरलं होतं.

डॉक्टर बाई होत्या, वयानं अक्काहून थोड्याच मोठ्या वाटाव्यात अशा. त्यांनी आईला विचारलं, "काय होतंय तुम्हाला?"

"तसं काही न्हाई," अप्पा म्हणाले. "अशक्तपणा हाय जरा. जेवत न्हाई."

"त्यांना सांगू द्या."

आई टेबलाच्या कडेकडे बघत होती. मग तिनं माझ्याकडे बोट केलं. "हिला इचारा. हिला सगळं पाठ हाय. हिच्या पुस्तकात हाय माजं."

डॉक्टर माझ्याकडे वळल्या. आणि मी, काय करावं न सुचून, खरंच म्हणायला लागले. कशातच रस न वाटणे. झोप नीट न लागणे. सतत थकवा. तोंडी परीक्षेला उभं राहावं तशी मी बोलत होते. साधी कामं सुरू करणं अवघड जाणे, इथपर्यंत आले आणि मला कोपऱ्यात ओल्या केसांनी बसलेली आई दिसली. पुढचं मला येईना. डॉक्टरांनी मला थांबवलं नाही, घाईही केली नाही. मग आईनंच पुढचं सांगितलं. "आन् आपला कुणाला उपेग न्हाई असं वाटतंय. आन् जगावं वाटत न्हाई." ते तिला पाठ झालं होतं.

अप्पांनी तोंडावरचा रुमाल काढला.

"किती दिवसांपासून वाटतंय असं?" डॉक्टरांनी विचारलं.

मला वाटलं ती म्हणेल, दिवाळीपासून, फार तर वर्षभर. आई म्हणाली, "ही झाली तवापून."

आई जिला ही म्हणेल अशी खोलीत मी एकटीच होते. दुसरी मुलगी झाली म्हणून कुणी काही बोललं होतं का, असं डॉक्टरांनी विचारलं. आई म्हणाली, न्हाई, कुणी काही बोललं न्हाई, सगळं चांगलं होतं, पाळणा चांगला झाला, पण त्या बाळंतपणात एक दिवस उठले आणि आत दिवा विझल्यागत झालं, तो परत लागलाच नाही. सतरा वर्षं. मी खुर्चीच्या दांडीवरचं सोललेलं प्लास्टिक नखानं उचकटत राहिले. कुणीतरी म्हणावं, तुझ्यामुळं नाही ते, अशी मी वाट बघत होते. डॉक्टर लिहीत होत्या. अप्पा भिंतीकडे बघत होते. कुणी म्हटलं नाही. नंतरही कधी म्हटलं नाही, आणि मी विचारलं नाही.

गोळ्या चालू झाल्या. पहिल्या आठवड्यांत आई दिवसभर गुंगीत असायची आणि अप्पा म्हणायचे, "ह्याच्यापेक्षा पहिलं बरं होतं." डॉक्टरांनी सांगितलं होतं, वेळ लागतो, बंद करू नका. तेच मी अप्पांना रोज सांगायची. माझी बोर्डाची परीक्षा त्यातच झाली. मानसशास्त्राच्या पेपरला तो पाच गुणांचा प्रश्न आला नाही. पुस्तकातलं दुसरंच काहीतरी आलं, ते मी लिहिलं.

उन्हाळ्यात अक्काचं लग्न झालं. आईनं हिरवा शालू नेसून सगळं केलं. कुणाला काही कळलं नाही. स्टँडवर भेटलेल्या त्या माणसानं कुठं काही बोलल्याचं कानावर आलं नाही. अप्पांनी भीती धरली होती तसं काहीच झालं नाही, आणि आम्हाला वाटलं, सुटलो.

मग अक्काला दिवस गेले. डोहाळजेवणाला आई सोनपेठला गेली आणि दोन दिवस राहिली. गोळ्यांची पट्टी तिनं पर्समध्ये रुमालाखाली ठेवली होती. अक्काच्या जावेनं ती बघितली, मोबाइलवर फोटो काढला आणि कशाची आहे ते शोधलं. तिथं कुणी भांडण केलं नाही. आईला नीट ओटी भरून, साडी देऊन पाठवलं. पण पुढं अक्का कधी दमून पडली की, "आईवर गेली वाटतं." बाळंतपण सोनपेठलाच झालं. बाळ झाल्यावर एकदा ती रडली तर, "बगा बरं, घरात असतंय ते." बाळाला तिच्याजवळ एकटं ठेवायचं का, यावर सासू आणि जाऊ तिच्यादेखत बोलल्या.

अक्कानं मला फोन केला. मी हॅलो म्हणायच्या आत ती म्हणाली, "तू ती पुस्तक घरात मोठ्यानं वाचलंस कामून?"

"अक्का, ऐक..."

"कामून वाचलंस? सतरा वरीस काही झालं नव्हतं ना? जगायलीच होती ना ती? अजून थोडे दिस जगली असती तशीच. मला तर नीट जगू दिलं असतं."

मला तिला सांगायचं होतं, तो आड, ती रिकामी पिशवी. पण मी काही म्हणायच्या आत पलीकडून बाळाचा आवाज आला आणि फोन बंद झाला. त्यानंतर ती आमच्याकडे आली नाही. पंचमीला नाही, दिवाळीला नाही. अप्पा आणायला गेले तर सासरच्यांनी पाठवत नाही म्हटलं नाही. तीच यायला तयार झाली नाही. मला खरं तर पुढंही मानसशास्त्रच घ्यायचं होतं, पण आमच्या कॉलेजात बीएला तो विषय नव्हता. आणि परभणीला जाऊन शिकते म्हणायचं माझं धाडस झालं नाही. घरात त्या शब्दाचा उच्चारच आता कुणी करत नाही.

आई बरी आहे. म्हणजे सकाळी उठते, पूजा करते, जेवते. तिच्या अंगावर थोडं मांस आलंय. महिन्याला आम्ही परभणीला जातो, डॉक्टर विचारतात आणि ती स्वतः सांगते. गेल्या महिन्यात येताना गाडीत तिनं खिडकीबाहेर हरभऱ्याची रानं बघून, "घाटे भरलेत," असं म्हटलं, तेव्हा मला इतकं भरून आलं की मी तोंड फिरवलं. आईला काहीतरी दिसलं होतं.

पण ज्या आईला पूर्वी काहीच वाटत नव्हतं, तिला आता सगळं वाटतं. अक्काच्या बाळाचा तिनं अजून मुका घेतलेला नाही, हे तिला वाटतं. संध्याकाळी अप्पा दुकानात असतानाची वेळ साधून ती फोन घेऊन बसते, अक्काला लावते. वाजून वाजून बंद होतो. मग ती रडते. लहान मुलासारखी, आवाज काढून. सतरा वर्षांत मी तिला रडताना बघितलं नव्हतं. डॉक्टर म्हणतात, हे चांगलं लक्षण आहे.

परवा तसंच झालं. फोन बंद झाला, तिनं पदरानं तोंड पुसलं आणि मला विचारलं, "पहिलं बरं होतं का गं?"

"काय पहिलं?"

"काही कळत नव्हतं ती."

मी खूप वाचलंय त्यानंतर, जिथं मिळेल तिथं. या प्रश्नाला कुठं काय उत्तर दिलंय ते मला सापडलेलं नाही. मी तिच्या शेजारी बसून राहिले. बाहेर अप्पांच्या चपलांचा आवाज आला. आईनं फोन उचलून परत एकदा अक्काचा नंबर लावला.